निखाडेकाकांची खिडकी

"ताई, तुमचं झालं काय? मंग मी बोलू?"

निखाडेकाका खाणीच्या तळाशी पाणी उपसणाऱ्या पंपाजवळ उभे होते आणि मी वर काठावर, पत्र्याच्या कंट्रोल रूममध्ये. मध्ये कोळशाच्या उघड्या खाणीची शंभर मीटर खोली, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली. त्यांच्या हातात आमचा नवा सेट होता आणि मी सकाळपासून त्यांना एकच गोष्ट शिकवत होते.

"काका, किती वेळा सांगू? माझं व्हायची वाट पाहायची नाही. मी बोलत असतानाच तुम्ही बोलायचं. तीच तर या सेटची कमाल आहे."

"दोघं एकदम बोलतीन तं ऐकन कोण?"

"दोघंही ऐकतील."

"असं कसं होईन बाप्पा," ते म्हणाले, आणि थोडं थांबून सवयीने, "ओव्हर."

मी कपाळावर हात मारून घेतला. बत्तीस वर्षं हा माणूस जुन्या वॉकीटॉकीवर बोललेला. तिथे एकाने बोलायचं, दुसऱ्याने बटण सोडून गप्प ऐकायचं, आणि 'ओव्हर' म्हटल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. ती त्यांची नुसती सवय राहिली नव्हती, तो त्यांचा स्वभाव झाला होता. समोरचा बोलत असताना मध्ये बोलणं म्हणजे त्यांना कुणाच्या ताटात हात घालण्यासारखं वाटायचं. आणि मी पडले नागपूरची, बडबडी. माझं एकदा सुरू झालं की लवकर होत नाही, हे आमच्या घरचे आजही सांगतात.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. वर्धा नदीच्या बाजूची खाण होती, नाव सांगत नाही. आमच्या छोट्या कंपनीने तिथे चाचणीचा टॉवर उभा केला होता. त्याची खुबी अशी की तो एकाच लहरीवर एकाच वेळी बोलायचाही आणि ऐकायचाही. म्हणायला सोपं आहे. प्रत्यक्षात टॉवरचा स्वतःचा आवाज इतका मोठा, की त्यापुढे दुसऱ्याचं काही ऐकू येणं मुश्कील. त्यावर उपाय वजाबाकीचा. आपण काय बोललो ते आपल्याला माहीत असतंच, तेवढं वजा करायचं, उरेल ते समोरच्याचं. जवळच्या डंपरवाल्यांचं बोलणं असं छान उरायचं. पण निखाडेकाकांचा पंप पडला पार तळाला, एका कड्याच्या आडोशाला. त्यांचा आवाज वर येईतो इतका बारीक व्हायचा की वजाबाकीनंतर उरणाऱ्या आमच्याच आवाजाच्या गाळात तो बुडून जायचा.

म्हणून मी त्यांच्यासाठी खिडकी केली होती. टॉवरवरून जाणारा सगळा मजकूर आलेखाच्या वहीसारख्या बारीक बारीक चौकोनांत भरलेला असतो. त्यातले काही चौकोन निखाडेकाकांच्या सेटला बोलायला नेमून दिलेले. त्या चौकोनांत टॉवरने मूग गिळून बसायचं, आपला माल शेजारच्या चौकोनांत सरकवायचा, आणि घेणाऱ्यांना आधीच कळवून ठेवायचं की एवढी जागा रिकामी आहे, ती वाचू नका. पुस्तकात याला रेट मॅचिंग म्हणतात. मी खिडकी म्हणायचे. खिडकी उघडी असली की काकांचा आवाज खणखणीत यायचा, अगदी पंपाच्या घरघरीसकट. फक्त जेवढी जागा रिकामी सोडली तेवढा खाली जाणाऱ्या मजकुराचा वेग कमी व्हायचा.

आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. खाण कंपनीच्या मुख्य कार्यालयातून तीन साहेब पाहणीला यायचे होते आणि त्यांना आम्ही कबूल केलेला वेग होता सेकंदाला नऊशे मेगाबिट. आमचा काटा आठशे तीसच्या वर हलत नव्हता.

"मंजिरी, काहीतरी कर," देशकर सर म्हणाले. देशकर सर म्हणजे आमचे प्रमुख. गरीब स्वभावाचे, पण त्या आठवड्यात त्यांची झोप उडाली होती. "नऊशे दिसले नाहीत तर आपलं दुकान बंद. अकरा जण घरी जातील. तू पण."

"करते सर," मी म्हणाले. कसं करायचं ते मला तेव्हाच ठाऊक होतं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पाहणीच्या दिवशी सकाळी निखाडेकाका खाली उतरण्याआधी कंट्रोल रूममध्ये आले. हातात डबा, डोक्याला पांढरा रुमाल, त्यावर हेल्मेट. शिफ्टचे प्रमुख ठेंगणेसाहेब माझ्याच शेजारी बसले होते.

"सायेब, पंपावरच्या पूर्वेकडच्या दरडीले भेग दिसून राहिली," काका म्हणाले. "काल बोट जात होतं आत. आज दोन जातात."

"पाऊस उलटला की दरवर्षी पडते ती," ठेंगणे म्हणाले. "लक्ष ठेवा. वाढली तर सेटवर सांगा. मी 'वर या' म्हणतो, मग पंप बंद करून या."

"तुम्ही म्हणाल तवाच येतो."

हा खाणीचा नियमच होता. वरून 'वर या' ऐकल्याशिवाय पंप सोडायचा नाही. आदल्या वर्षी काकांचा जोडीदार न विचारता वर आला होता. तासाभरात पाणी चढलं, मोटर बुडाली आणि गडी चार महिने बिनपगारी घरी बसला. काकांनी ते जवळून पाहिलं होतं.

जाता जाता त्यांनी डब्यातून कागदाची पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. जवसाची चटणी होती. "तुमच्या काकूनं देली. तिले सांगतलं, ताई लय बोलते, पण मनानं चांगली आहे."

मी हसले. म्हणाले, "काका, आज मोठे साहेब येणार आहेत. आज तरी माझ्या बोलण्यात मध्ये बोलून दाखवा. मान ठेवा माझा."

"पाहतो," ते म्हणाले आणि उतरून गेले.

मी ठरवलं होतं की पाहुणे यायच्या आधी काकांना सेटवर सांगायचं: काका, अकरा ते साडेअकरा तुमचं मला ऐकू येणार नाही, तेवढा वेळ तुम्ही वरच येऊन बसा. एका वाक्याचं काम होतं. ठेंगण्यांना काही कारण सांगून परवानगीही मिळाली असती. पण पाहुणे वीस मिनिटं आधीच येऊन दारात उभे राहिले. गडबडीत मी चार कमांड टाकल्या आणि खिडकी बंद केली. रिकामे चौकोन भरले. काटा आठशे तीसवरून चढत चढत नऊशे बारावर गेला. देशकर सरांनी तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि लगेच पाहुण्यांकडे वळले.

जुने वॉकीटॉकी आदल्या दिवशीच कपाटात कुलूपबंद केले होते. सगळं नव्यावर चालतं हे दिसायला हवं होतं ना.

आणि मग मी बोलू लागले. माझं कामच ते होतं. खाणीतल्या सगळ्या सेटवर एकाच वेळी आवाज जातोय, कोळसा खोदणाऱ्या शॉव्हेलच्या पडद्यावर नकाशे जाताहेत, डंपरवाले मी बोलतानाच उत्तर देताहेत, हे सगळं मी माइकवर सांगत होते. डंपरवाले पोरं उत्साहाने मध्ये मध्ये बोलत होती. पाहुणे माना डोलवत होते. मला चेव चढला होता, खोटं कशाला बोलू.

पडद्यावर प्रत्येक सेटचा एक ठिपका होता. बोलला की हिरवा, नाही तर राखाडी. तळातला ठिपका राखाडी होता. तो राखाडीच राहणार हे तिथे फक्त मला माहीत होतं.

एका पाहुण्याने नेमकं त्याच्यावर बोट ठेवलं. "हे कोण? हे काहीच बोलत नाहीत."

"पंप ऑपरेटर आहेत, तळात," मी म्हणाले. आता विचारल्याशिवाय सुटका नव्हती. माइकवर म्हणाले, "निखाडेकाका, आवाज येतोय ना माझा? काही अडचण तर नाही?"

ठिपका राखाडी. सगळे पाहत होते. तीन, चार, पाच सेकंद गेले असतील.

"जुन्या वळणाचे आहेत," मी पाहुण्यांकडे वळून हसत म्हणाले. "मध्ये बोलायची सवयच नाही त्यांना."

पाहुणे हसले. ठेंगणेही हसले, कारण ते खरंच होतं. आणि मी पुढचं बोलायला लागले.

अकरा चोवीसला टेबलावरचे चहाचे कप किणकिणले. "ब्लास्टिंग आहे का?" पाहुण्यांनी विचारलं. ठेंगण्यांनी घड्याळ पाहिलं. ब्लास्टिंग दोन वाजता असतं. ते उठून खोलीच्या खिडकीशी गेले, बाहेर पाहिलं. आणि हेल्मेट न घालताच बाहेर पळाले. पूर्वेकडून धूळ वर येत होती.

मी पहिलं काम काय केलं असेल? खिडकी उघडली. चार कमांड, एकही चुकली नाही. "काका," मी म्हणाले. "काका, बोला. आता बोला." ठिपका राखाडीच होता.

निखाडेकाका दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले.

चौकशी झाली. दरड कशी, पाणी कसं, भेग कधी दिसली, सगळं विचारलं. ठेंगण्यांनी सांगितलं की सेटवर कळवा असं त्यांनी काकांना बजावलं होतं, पण काकांकडून काही निरोप आला नाही. मग मला विचारलं, "त्या वेळी पंपाजवळच्या सेटला सिग्नल होता?"

"पूर्ण होता," मी म्हणाले. नोंद दाखवली. आमचा आवाज त्यांच्यापर्यंत जात होता आणि सिग्नलचे सगळे दांडे भरलेले होते. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. असं यंत्र त्यांनी आधी पाहिलेलंच नव्हतं, मग काय विचारायचं हे त्यांना कसं कळावं? देशकर सर माझ्या शेजारी बसून जमिनीकडे बघत होते. आमचा प्रकल्प महिन्याभराने मंजूर झाला.

पण माझ्याकडे एक गोष्ट उरली होती. पाहणीच्या वेळी अँटेनावर जे जे आलं ते जसंच्या तसं साठवून ठेवायचं, अशी आमची पद्धत. खिडकी मी टॉवरच्या बाजूने बंद केली होती. काकांच्या सेटला त्याचा पत्ता नव्हता. त्याला नेमून दिलेल्या चौकोनांत तो बोलतच राहिला असणार, ते बोलले असतील तर. म्हणजे त्यांचा आवाज त्या नोंदीत होता. फक्त आमच्या आवाजाखाली गाडला गेलेला.

मी डिस्क घरी आणली. रविवार आला की दुपारी दार लावून बसायचे. आई विचारायची, सुट्टीच्या दिवशी कसलं काम? मी म्हणायचे, हिशेब जुळत नाहीये. मी काय काय पाठवलं ते सगळं मला माहीत होतं, तेवढं वजा करायचं होतं. टॉवरने थेट केली त्याहून कितीतरी बारीक वजाबाकी निवांत बसून करता येते. पहिल्या रविवारी माझाच आवाज ऐकू आला, थोडा चिरका झालेला. चौथ्या रविवारी तो कुजबुजण्याइतका झाला. आठव्या रविवारी मी पूर्ण नाहीशी झाले, आणि पंपाची घरघर ऐकू आली.

चार तुकडे होते.

पहिला अकरा वाजून सहा मिनिटांचा. "ताई, भेग वाढली. पूर्ण हात जाते आता. सायबाले विचारा, वर येऊ काय? ओव्हर."

दुसरा अकरा वाजून अकरा मिनिटांचा. "ताई, तुम्ही बोलून राहिल्या, तरी मी मंधात बोलून राहिलो. राग नोका मानू, तुम्हीच सांगतलं व्हतं. माती सुटून राहिली. 'वर या' म्हणा."

तिसरा अकरा सोळाचा. मी ज्या पाच सेकंदांत थांबले होते, पण टॉवरवरून नकाशे जातच होते, त्यातला. पाहुणे पाहत होते, ठिपका राखाडी होता, त्या पाच सेकंदांतला. "हाव ताई, येते आवाज. आहे अडचण. लवकर म्हणा."

त्यानंतर बराच वेळ नुसता पंप. आणि अकरा एकवीसला चौथा. आवाज शांत होता. त्यांना बहुधा वाटलं असावं की मी ऐकतेय, पण मोठ्या लोकांसमोर आहे, बोलणं अर्ध्यात तोडता येत नाहीये मला. "बरं ताई. होऊ द्या तुमचं. मी थांबतो."

त्या दुपारी मी उठून बेसिनचा नळ सोडला आणि तो वाहत ठेवून त्याच्यासमोर उभी राहिले, कारण घरात आई होती.

चार महिन्यांनी मी त्यांच्या गावी गेले. चारही तुकडे फोनमध्ये घेतले होते. ओळीने ऐकवायचे, मग खिडकीचं सांगायचं, मग काकू काय म्हणतील ते म्हणतील. बसमध्ये मी वाक्यं पाठ केली. उतरायच्या आधी पुन्हा एकदा म्हणून पाहिली.

चंद्रकलाकाकू अंगणात तूर पाखडत होत्या. मला पाहून सूप खाली ठेवलं. मी कोण ते सांगावं लागलं नाही.

"तुम्हीच त्या बोलणाऱ्या ताई," त्या म्हणाल्या. "या. बसा."

त्यांनी चहा केला. भिंतीवर काकांचा फोटो होता, हेल्मेट नसलेला, त्यामुळे मला ते क्षणभर अनोळखी वाटले. काकू माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. त्यांचे पाय तुरीच्या भुसकटाने पांढरे झालेले होते. मी म्हणाले, "काकू, काकांचा आवाज सापडलाय. त्या दिवशीचा."

त्यांनी हात पदराला पुसले. चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं, आणि माझं बोट पहिल्या तुकड्यावर जायच्या ऐवजी शेवटच्यावर गेलं. मी मुद्दाम केलं की आपोआप झालं, याचं उत्तर मी नऊ वर्षं वेगवेगळं देत आलेय.

"बरं ताई. होऊ द्या तुमचं. मी थांबतो."

काकूंनी पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा ऐकताना त्या रडत होत्या आणि हसतही होत्या.

"अस्सेच व्हते," त्या म्हणाल्या. "पोरीच्या सोयरिकीत पाहुणे तासभर बोलत व्हते. ह्यायचा चहा पार गार पाणी झाला, पण तोंड उघडलं नाही. मी मागून किती चिमटे काढले. मंधात बोलाची सवयच नव्हती त्यायले."

माझंच वाक्य होतं ते. पाहुण्यांना हसवायला मी फेकलेलं. ते तिथून निघून त्यांच्या अंगणात माझ्याआधी येऊन बसलं होतं.

मी तोंड उघडलं. पाठ केलेलं सगळं जिभेवर होतं.

"अजून काही बोलले काय, ताई?" काकूंनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "एवढंच."

त्यांनी मान हलवली. माझ्या हातावर हात ठेवला. "तुम्ही मनाले लावून नोका घेऊ. तुम्ही बोलत व्हत्या, त्यायचा सभाव तसा. कोणाचा दोष नाही."

मग त्यांनी आतून आपला साधा फोन आणला आणि विचारलं, हे यात टाकून देता काय? मी टाकून दिलं. निघताना त्यांनी जवसाच्या चटणीची पुडी हातात दिली. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

तेव्हापासून दर दिवाळीला त्यांचा फोन येतो. नातवाच्या शाळेचं सांगतात, गुडघ्यांचं सांगतात. सणाच्या दिवशी सकाळी तो आवाज ऐकते म्हणतात, मग दिवा लावते. त्यांच्याकडे एक तुकडा आहे, माझ्याकडे बाकीचे तीन. दर वर्षी मी ठरवते की यंदा सांगायचं, आणि त्या बोलत असताना मध्येच म्हणते, "काकू..."

त्या थांबतात. नवऱ्यासारखंच, लगेच थांबतात. "बोला ताई. काही सांगाचं व्हतं काय?"

पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत असतो, इतकी स्वच्छ लाइन असते.

"नाही काकू," मी म्हणते. "होऊ द्या तुमचं."